कायदा आणि आपण : मुलाला कुत्रा चावला, तर भरपाई कोणाकडून मागायची?

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची असल्याने या वेळचे सदर त्या विषयाला दिले आहे. लहान मुलाला कुत्रा चावतो, घर धावपळीत सापडते, आणि जखम भरत आल्यावर प्रश्न उभा राहतो की या सगळ्याला जबाबदार कोण. चार पत्रे निवडली आहेत, त्यातले एक कुत्रा पाळणाऱ्या वाचकाचे आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही पुण्यात कोथरूडमधील एका गृहनिर्माण सोसायटीत राहतो. माझी सात वर्षांची मुलगी संध्याकाळी पार्किंगमध्ये सायकल चालवत असताना तळमजल्यावरील कुटुंबाचा जर्मन शेफर्ड तिच्या अंगावर धावून गेला आणि तिच्या उजव्या गालाला व दंडाला चावला. त्या वेळी त्यांच्याकडे कामाला असलेला तरुण कुत्र्याला फिरवत होता आणि पट्ट्याची दोरी त्याच्या हातातून सुटली. मालकांचे म्हणणे असे की कुत्र्याला सर्व लशी दिलेल्या आहेत, तो आजवर कोणालाही चावलेला नाही आणि मुलगी जोरात सायकल घेऊन आल्यामुळे तो बिथरला. दवाखान्याचे बिल देण्यास ते तयार आहेत, पण त्यापलीकडे आपली जबाबदारी नाही असे सांगतात. पोलिसांनी केवळ एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली. सोसायटीचे अध्यक्ष आपसात मिटवून घ्या म्हणतात. गालावरचा व्रण राहील असे डॉक्टरांचे मत आहे. आम्ही काय करावे?
— एक आई, पुणे

उत्तर : कुत्र्याला लस दिलेली आहे या मालकांच्या आश्वासनावर मुलीच्या लशींचा क्रम मध्येच थांबवू नका, हे आधी सांगतो. दात रुतून रक्त आलेली जखम तिसऱ्या श्रेणीची धरली जाते आणि तीत लशीबरोबरच जखमेच्या ठिकाणी रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे लागते. ते दिले गेले की नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्या. रेबीज एकदा झाला की त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळे या बाबतीत कोणाच्या शब्दावर विसंबण्यात अर्थ नाही. या उपचारांची कागदपत्रेच पुढे तुमचा मुख्य पुरावा ठरणार आहेत. केस पेपर, लसीकरणाचे कार्ड, प्रत्येक पावती आणि जखमेची वेगवेगळ्या टप्प्यांवरची तारखेसह छायाचित्रे एका फाइलमध्ये ठेवा. केस पेपरवर केवळ ‘डॉग बाइट’ एवढेच लिहिलेले असेल, तर कुत्रा कोणाचा आणि घटना कोठे घडली हेही नोंदवून घेण्याचा प्रयत्न करा, कारण पहिल्या दिवशी डॉक्टरांना सांगितलेल्या हकिकतीवर न्यायालय सहसा अधिक विश्वास ठेवते.

आता जबाबदारीकडे येऊ. तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत, एक फौजदारी आणि दुसरा दिवाणी. ते एकाच वेळी चालवता येतात, पण त्यांतून मिळणाऱ्या गोष्टी मात्र अगदी वेगळ्या आहेत. फौजदारी मार्गाचा पाया भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ हा आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ मध्ये होती. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा त्याला गंभीर दुखापत होण्याचा संभाव्य धोका टाळण्यासाठी पुरेशी खबरदारी जो जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेत नाही, त्याला या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुन्या कलमात दंडाची मर्यादा एक हजार रुपये होती.

या कलमात ‘मालक’ असा शब्द नाही, ‘ताबा’ आहे. त्यामुळे घटनेच्या वेळी दोरी हातात असलेला तरुण यातून आपोआप सुटत नाही आणि दोरी दुसऱ्याच्या हातात होती एवढ्यावर मालकही सुटत नाहीत. फौजदारी कायद्यात नोकराच्या चुकीसाठी मालकाला थेट शिक्षा होत नाही, तिथे मालकाचा स्वतःचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. मात्र ज्याला एवढे ताकदवान जनावर आवरता येत नाही अशा व्यक्तीकडे ते सोपवून मुले खेळण्याच्या वेळी पार्किंगमध्ये पाठवणे, हाच तो निष्काळजीपणा असू शकतो. दिवाणी बाजूला तर हा मुद्दा फारसा उरतच नाही, कारण कामाच्या ओघात नोकराने केलेल्या हलगर्जीपणाची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व आपल्या न्यायालयांत पक्के रुजलेले आहे.

तो आजवर कोणाला चावलेला नाही, हा बचाव जवळजवळ प्रत्येक प्रकरणात घेतला जातो आणि तो अगदीच पोकळ नसतो. कलमाची भाषाच संभाव्य धोक्याची असल्याने असा धोका मालकाला कळत होता किंवा कळायला हवा होता, हे दाखवावे लागते. शांत, वयस्कर, कधीही न गुरगुरलेला कुत्रा अनपेक्षितपणे चावला आणि किरकोळ ओरखडा आला, तर हे कलम लावणे अवघड जाते. पण ‘आजवर चावला नाही’ आणि ‘आजवर धोका दिसला नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. तो यापूर्वी डिलिव्हरीवाल्याच्या अंगावर गेला होता का? जिन्यात कोणावर भुंकत झेपावला होता का? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याविषयी कोणी काही लिहिले होते का? समितीकडे एखादा अर्ज पडून आहे का? अशा संदेशांचे आणि अर्जांचे स्क्रीनशॉट व प्रती आजच जमा करा आणि सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवण्याविषयी समितीला लेखी पत्र द्या. बहुतेक सोसायट्यांत जुने चित्रण काही दिवसांतच पुसले जाते आणि मग दोरी हातातून निसटली की मुळात धरलेलीच नव्हती, यावर वर्षानुवर्षे वाद घातला जातो. मालकांच्या दारावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी असेल तर तिचेही छायाचित्र घ्या. पाटी लावली म्हणजे जबाबदारी टळली असे लोकांना वाटते, प्रत्यक्षात ती पाटी मालकाला धोक्याची कल्पना होती याचाच पुरावा म्हणून वापरता येते.

मुलगी जोरात सायकल घेऊन आली, या मुद्द्यात मला काहीही दम दिसत नाही. सात वर्षांच्या मुलीकडून न्यायालय प्रौढाच्या सावधगिरीची अपेक्षा करत नाही, त्या वयाच्या मुलाला जेवढी समज असते तेवढीच धरली जाते. सोसायटीच्या आवारात मुलीने सायकल चालवणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि ती लक्षात घेऊन कुत्रा आवरणे हे कुत्रा बाळगणाऱ्याचे काम आहे.

गालावरच्या व्रणाला कायद्यात मोठे महत्त्व आहे. डोके किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणे ही न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार ‘गंभीर दुखापत’ आहे. त्यामुळे कलम २९१ च्या जोडीला कलम १२५(ब) लागू होऊ शकते, ज्यात निष्काळजी कृत्यामुळे गंभीर दुखापत झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. व्रण कायमचा राहील असे डॉक्टर तोंडी सांगतात तेवढे पुरत नाही, प्लास्टिक सर्जनचे लेखी मत आणि इजा प्रमाणपत्रात तसा उल्लेख हवा.

पोलिसांनी एनसी घेतली ते योग्य झाले नाही. कलम २९१ खालील गुन्हा जामीनपात्र आहे, पण दखलपात्रही आहे, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीची वाट न पाहता पोलिसांना तपास करता येतो. म्हणूनच फौजदारी कामकाजाची पद्धत सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे एफआयआर नोंदवायला हवा आणि त्याची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यायला हवी. वैद्यकीय कागद जोडून पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दाद न मिळाल्यास पोलीस उपायुक्तांकडे अर्ज पाठवा आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. यात रेंगाळू नका. ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा एक वर्षापर्यंतच आहे, त्याची दखल घेण्यासाठी फौजदारी न्यायालयाला एका वर्षाची मुदत असते आणि कलम २९१ त्याच गटात मोडते. वर्षभर ‘मिटवू, मिटवू’ चालले आणि त्यानंतर तुम्ही ठाण्यात गेलात, तर हे कलम हातचे गेलेले असेल.

एवढे सांगूनही, केवळ फौजदारी मार्गावर अवलंबून राहा असा सल्ला मी देणार नाही. वरळीतील एका इमारतीत २०१८ साली लिफ्टमध्ये पाळीव हस्की शेजाऱ्याला चावला. त्या शेजाऱ्याबरोबर त्याचा दीड वर्षांचा मुलगा होता, मूल घाबरते म्हणून कुत्र्याला आत आणू नका असे त्याने सांगितले होते आणि तरीही मालकाने कुत्र्याला आत ओढले. न्यायालयाने मालकाला चार महिन्यांची शिक्षा सुनावली, ती मे २०२५ मध्ये. त्याआधी २०२३ साली गिरगावच्या न्यायदंडाधिकारी न्यायालयाने रॉटवायलर चावल्याच्या प्रकरणात मालकाला तीन महिन्यांची शिक्षा दिली होती, ती घटना २०१० ची होती. शिक्षा होते, हे या दोन्ही प्रकरणांवरून दिसते, आणि तिला किती वर्षे लागतात हेही. शिवाय दंडाची रक्कम सरकारजमा होते. दंडातून किंवा त्याव्यतिरिक्त जखमी व्यक्तीला भरपाई देण्याचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ ने न्यायालयाला दिला आहे खरा, पण तो वापरला जाईलच असे धरून मुलीच्या शस्त्रक्रियेचा हिशेब मांडता येणार नाही.

म्हणून तुमचा खरा मार्ग दिवाणी नुकसानभरपाईचा आहे. मुलगी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील असल्याने दावा तिच्याच नावाने, ‘अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ती) आई’ म्हणून तुमच्यामार्फत दाखल होईल. त्यात आजवरचा औषधोपचार, पुढे व्रणासाठी करावी लागणारी शस्त्रक्रिया, वेदना, चेहऱ्याच्या विद्रूपतेमुळे होणारा मानसिक त्रास, बुडालेली शाळा आणि आईवडिलांचे बुडालेले कामाचे दिवस, हे सर्व मागता येते. केवळ बिल देण्याची मालकांची तयारी यातल्या एकाच बाबीपुरती आहे, हे त्यांना वकिलाच्या नोटिशीतून स्पष्ट कळवा. मुदतीच्या कायद्याच्या कलम ६ आणि ८ प्रमाणे अज्ञान व्यक्तीला सज्ञान झाल्यावरही दावा करता येतो, पण त्या सवलतीचा आधार घेऊन थांबू नका, तोपर्यंत साक्षीदार पांगलेले असतात. पाळीव कुत्र्यांच्या काही विमा पॉलिसींत तिऱ्हाइताला झालेल्या इजेची जबाबदारीही समाविष्ट असते. नोटिशीत अशी पॉलिसी आहे का, हे विचारून घ्या, कारण ती असेल तर मालकांचा ताठरपणा बराच कमी होतो असा अनुभव आहे.

खर्चाच्या भीतीने अनेक पालक येथेच थांबतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. शिवाजीनगर येथील जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. तेथे अर्ज केल्यास वकील मिळतो, तसेच दावा दाखल होण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवता येते. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच ताकद असते. तुमच्या अध्यक्षांना ‘आपसात मिटवा’ हेच हवे असेल, तर ते पार्किंगमध्ये उभ्याउभ्या न मिटवता असे मिटवावे.

सोसायटीविषयी थोडेसे. कुत्रा पाळायलाच बंदी घालण्याचा ठराव ती करू शकत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट केले आहे. पण आवारात कुत्रा दोरीनेच धरलेला असावा, सक्षम प्रौढ व्यक्तीच्याच हातात असावा, मुलांच्या खेळण्याच्या जागेतून नेऊ नये, एवढे वाजवी नियम ती करू शकते आणि तिने करायला हवेत. मालकांकडे महापालिकेचा श्वान परवाना आहे का, हेही पाहून घ्या. परवाना नसल्याने ते आपोआप दोषी ठरत नाहीत, मात्र त्यांच्या काळजीपूर्वकपणाच्या दाव्याला त्यामुळे तडा जातो.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा नाशिकमधील एका खासगी शाळेत शिकतो. मधल्या सुट्टीत शाळेच्या मैदानावर भटका कुत्रा त्याच्या पोटरीला चावला. मागच्या बाजूची भिंत पडलेली असून तेथून कुत्री आत येतात. फाटकाजवळ राहणाऱ्या एक बाई या कुत्र्यांना रोज भात घालतात. शाळा महापालिकेकडे बोट दाखवते, महापालिका म्हणते की कायद्याने आम्हाला कुत्री हटवता येत नाहीत, आणि त्या बाई म्हणतात की कुत्री माझी नाहीत. भरपाई कोणाकडे मागायची?
— एक वडील, नाशिक

उत्तर : तिघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे, पण ते थोडेच आहे. महापालिकेचे उत्तर तर जुने झाले. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार भटक्या कुत्र्याचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्याला मूळ जागी सोडायचे असते, हे खरे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हीच पद्धत कायम ठेवली, मात्र रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्र्यांना त्यातून वगळले. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून ती पुन्हा त्याच जागी न सोडण्याचे निर्देश दिले. अशा संस्थांना कुंपण घालून घेणे, देखरेखीसाठी जबाबदार अधिकारी नेमणे आणि स्थानिक संस्थेने दर तीन महिन्यांनी किमान एकदा पाहणी करणे, हेही त्या आदेशात आहे. त्यामुळे शाळेच्या मैदानापुरते तरी ‘आम्हाला हटवता येत नाही’ हे उत्तर टिकणारे नाही. मैदानात कुत्री येत असल्याबद्दल शाळेने किंवा पालकांनी महापालिकेला आधी लिहिले होते का, ते शोधा. माहितीच्या अधिकारात त्या प्रभागातील कुत्र्यांविषयीच्या तक्रारी आणि निर्बीजीकरणाची नोंद मागवा. आधी तक्रार होऊनही काही केले नाही, हे सिद्ध झाले की निष्काळजीपणाचा मुद्दा पुष्कळ बळकट होतो.

माझ्या मते तुमची सर्वात भक्कम बाजू शाळेविरुद्ध आहे. शाळेच्या वेळेत मुलांची काळजी पालकांच्या जागी राहून घेणे हे शाळेचे कर्तव्य असते, आणि पडलेली भिंत रोज डोळ्यांसमोर असताना ती तशीच ठेवणे हा त्या कर्तव्यातील सरळसरळ कसूर आहे. भिंतीची छायाचित्रे ती दुरुस्त होण्याआधीच घ्या, कारण तुमचे पत्र पोचल्यावर ती दुरुस्त होईल हे नक्की.

त्या बाईंबाबत जपून पावले टाका. अन्न घातल्याने कोणी मालक होत नाही. त्यांनी एखादा कुत्रा आवारात बांधून ठेवला असेल, रात्री आत घेत असतील, म्हणजेच तो त्यांच्या ताब्यात आहे असे दाखवता आले, तर कलम २९१ चा विचार होऊ शकतो, नुसत्या भातावर नाही. मात्र शाळेच्या फाटकाजवळ अन्न घालणे त्यांना थांबवावे लागेल. २०२३ च्या नियमांनुसार अन्न घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या आणि ये-जा करण्याच्या जागेपासून दूर असावी लागते, आणि ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार ते ठरवून दिलेल्या जागीच घालता येते. संतापाच्या भरात कोणी त्या कुत्र्यांना विष घालण्याची भाषा करत असेल, तर त्यालाही आवरा. प्राण्याला ठार मारणे किंवा जायबंदी करणे हा न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे.

महापालिकेकडून भरपाई मिळवणे कठीण आहे, ते आडपडद्याविना सांगतो. वर्तमानपत्रांत वाचलेल्या ‘एका दातामागे दहा हजार रुपये’ या दराविषयी बरेच वाचक विचारतात. तो दर पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब, हरयाणा आणि चंडीगडसाठी ठरवून दिला. मांस निघालेल्या जखमेसाठी ०.२ सेंटिमीटरमागे किमान वीस हजार रुपये असाही त्यात उल्लेख आहे. केरळमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१६ साली निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली गेली आणि ती अशा अर्जांवर भरपाईची शिफारस करू लागली. यांपैकी काहीही नाशिक महापालिकेवर बंधनकारक नाही. मुंबई उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका करताना हे निर्णय मार्गदर्शक म्हणून दाखवता येतात. त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये रस्त्यावरील खड्ड्यांमुळे जखमी झालेल्यांना पन्नास हजार ते अडीच लाख आणि मृतांच्या वारसांना सहा लाख रुपये देण्याचे आदेश दिले. ते प्रकरण खड्ड्यांचे आहे, कुत्र्यांचे नाही, पण सार्वजनिक संस्थेने कर्तव्यात हयगय केली तर नागरिकाला भरपाई द्यावी लागते, ही त्यामागची भूमिका तुमच्या उपयोगाची आहे.

दिवाणी दाव्याचा विचार असेल तर एक अट ध्यानात ठेवा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ नुसार महापालिकेला आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. या मुदतीकडे दुर्लक्ष झाल्याने चांगली प्रकरणे दारातच फेटाळली जातात. मुलगा अज्ञान आहे म्हणून ती आपोआप वाढेल, अशा भरवशावर राहू नका. नोटीस शाळा आणि महापालिका दोघांनाही एकाच दिवशी पाठवा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवणे निदान कागदावर तरी कमी होईल.

प्रश्न : सातारा जिल्ह्यात आमचे आवार असलेले घर आहे. आवारात कुत्रा साखळीने बांधलेला असतो आणि फाटकावर पाटी आहे. शेजारचा अकरा वर्षांचा मुलगा चेंडू आणण्यासाठी भिंतीवरून उडी मारून आला आणि कुत्रा त्याच्या हाताला चावला. त्याचे वडील आता एक लाख रुपये मागत आहेत आणि न दिल्यास गुन्हा दाखल करू म्हणतात. मी दोषी आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण सांगता तसेच घडले असेल, तर आपली बाजू बरीच चांगली आहे. बंद आवार, बांधलेला कुत्रा आणि पाटी ही वाजवी खबरदारी आहे आणि परवानगीशिवाय भिंत ओलांडून आलेल्याबाबत कर्तव्याची व्याप्ती मर्यादितच असते. तरीही दोन गोष्टी प्रामाणिकपणे तपासा. पहिली, साखळीची लांबी. ती भिंतीपर्यंत किंवा फाटकापर्यंत पोचत असेल, तर कुत्रा बांधलेला होता या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही, म्हणून खुंटीपासून साखळी मोजून तिचे छायाचित्र काढून ठेवा. दुसरी, मुले नेहमीच अशी उडी मारून चेंडू न्यायची आणि आपण ते पाहत होता का? मुलांचा हा शिरस्ता माहीत असूनही काही केले नाही, तर न्यायालय त्याकडे निव्वळ अतिक्रमण म्हणून पाहणार नाही, विशेषतः अकरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत. पाटी वाचता येण्याच्या वयाचा तो आहे ही बाब मात्र आपल्या बाजूने जाते.

एक लाखाच्या मागणीला तोंडी उत्तर देऊ नका. कुत्र्याच्या लशींचे दाखले मुलाच्या वडिलांना लगेच द्या, कुत्रा दहा दिवस देखरेखीखाली ठेवा, त्याला दुसऱ्या गावी पाठवू नका आणि मारूनही टाकू नका. या दहा दिवसांत कुत्रा ठणठणीत राहिला, ही मुलाच्या डॉक्टरांसाठी मोलाची माहिती असते आणि आपण काही लपवले नाही याचा तो पुरावाही असतो. माणुसकीच्या नात्याने उपचारांचा खर्च देणार असाल तर जरूर द्या. फक्त तो ‘कोणतीही कायदेशीर जबाबदारी मान्य न करता’ दिला असे पत्रात लिहून, बँकेमार्फत द्या. जाता जाता एक सूचना : कोणी मुद्दाम कुत्रा अंगावर सोडला, तर प्रकरण निष्काळजीपणाचे राहत नाही. प्राण्याच्या साहाय्याने दुखापत करणे हा कलम ११८ खालील वेगळा आणि कितीतरी गंभीर गुन्हा आहे. मुलगा भिंतीवर असताना आपल्या घरातील कोणी कुत्र्याला ‘छू’ केले होते असा आरोप होऊ शकतो, म्हणून त्या वेळी घरात कोण होते आणि कोणी काय पाहिले, हे आताच लिहून ठेवा.

प्रश्न : माझ्या नातवाला शेजाऱ्यांचा कुत्रा चावल्यावर मुलाने शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर पंधरा हजार रुपये घेऊन ‘यापुढे कोणतीही तक्रार करणार नाही’ असे लिहून दिले. आता हाताच्या नसेला इजा झाल्याचे निदान झाले आहे. सगळे संपले का?
— एक आजोबा, कोल्हापूर

उत्तर : संपलेले नाही. भरपाईचा हक्क मुलाचा आहे, त्याच्या वडिलांचा नाही. वडिलांना पालक म्हणून त्याच्या हिताचाच करार करता येतो. इजेचे पूर्ण स्वरूप कळण्याआधी, नगण्य रकमेवर लिहून दिलेला कागद नातवावर बंधनकारक आहे असे ठरवून घेणे शेजाऱ्यांना सोपे जाणार नाही. मिळालेले पंधरा हजार दाव्यात उघडपणे दाखवा, ते अंतिम रकमेतून वळते होतील. नसतज्ज्ञाचा अहवाल आणि नसेच्या चाचणीचा कागद मिळताच वकिलामार्फत नवी नोटीस पाठवा.

फौजदारी बाजूला तर तो कागद जवळजवळ निरुपयोगीच आहे. तक्रार न करण्याच्या खासगी करारामुळे गुन्हा पुसला जात नाही. कलम १२५ खालील दुखापतीचा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीस पात्र आहे आणि अज्ञान मुलाच्या वतीने त्याच्या पालकाला ती परवानगी मागता येते. कलम २९१ मात्र तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या तक्त्यात नाही, त्यासाठी उच्च न्यायालयाकडे गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. अर्थात वर पुण्याच्या पत्राला उत्तर देताना सांगितलेली एक वर्षाची मुदत तुम्हालाही लागू आहे, तेव्हा घटनेची तारीख आधी पाहा.

पुढे तडजोड करायचीच ठरली, तर ती दावा दाखल करून न्यायालयासमोर करा. अज्ञान पक्षकाराच्या वतीने होणाऱ्या तडजोडीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ नियम ७ प्रमाणे न्यायालयाची परवानगी लागते. न्यायाधीश रक्कम मुलाच्या हिताची आहे का ते पाहतात आणि बहुधा उपचारांपुरती रक्कम पालकांच्या हाती देऊन उरलेली मुलगा सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवायला सांगतात. यात वेळ जातो, पण शेजाऱ्यांनाही यात फायदा आहे, कारण अशा तडजोडीनंतर नातू उद्या अठरा वर्षांचा झाल्यावर पुन्हा दारात उभा राहण्याचा धोका त्यांना उरत नाही. नोटीस पाठवताना हे त्यांच्या वकिलाला अवश्य कळवा.